ग्रंथपालांसाठी हळदीच्या रंगाचं आभारपत्र

या, बसा. टेबल असेल तर टेबलाशी, नाहीतर सतरंजीवर. मुलांना दोन्ही बाजूंना बसवा आणि मधली जागा मोकळी ठेवा. पुसेगावच्या वाचनालयात जे पुस्तक काढून देतात, वहीत नोंद करतात आणि उशीर झाला तरी रागावत नाहीत, त्यांच्यासाठी आज मुलं स्वतःच्या हातानं आभारपत्र रंगवणार आहेत. शाळेच्या कपाटातली पुस्तकं वाटणाऱ्या गुरुजींसाठी किंवा बाईंसाठी करायचं असेल, तरी कृती हीच.

रंग घरचाच, हळदीचा. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद मुद्दाम आणायला सांगावं लागत नाही, डब्यात असतेच. मुलं आधी पांढऱ्या मेणखडूनं पांढऱ्या कागदावर लिहितील. तेव्हा काहीच दिसणार नाही. वरून हळदीचं पाणी फिरवलं की अक्षरं पांढरी शुभ्र उमटतील. पहिलीतल्या मुलापासून सातवीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांना हे जमतं.

आभारपत्र कधीही देता येतं. दिवस साधायचाच असेल तर १२ ऑगस्ट हा राष्ट्रीय ग्रंथपाल दिन धरा. तो हुकला तर १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आहे. ऑगस्टचा मुहूर्त धरणार असाल तर १० तारखेलाच कामाला बसा. पावसाळ्यातल्या दमट हवेत कागद सावकाश वाळतो, आणि ११ तारखेनंतर शाळेत सगळ्यांना १५ ऑगस्टच्या कवायतीची घाई असते.

साहित्य

चित्रकलेचा जाड पांढरा कागद, प्रत्येक मुलाला एक. वहीचा कागद घेऊ नका, तो पाण्यानं फुगतो आणि फाटतो. मेणखडूंची पेटी, तिच्यात पांढरा खडू हवाच. पेन्सिल, खोडरबर, निळं किंवा काळं बॉलपेन. हळद, कोमट पाणी, डिंकाची बाटली, चिमूटभर खाण्याचा सोडा. दोन वाट्या, एक चमचा, गाळायला जुन्या धोतराचा किंवा ओढणीचा तुकडा. कापूस आणि रुंद ब्रश; ब्रश नसेल तर कापसाचा बोळाही चालतो. एक जाडसर भेंडी आणि एखादा पोस्टर कलर. भरपूर रद्दी, थोडे कोरे कच्चे कागद आणि प्लॅस्टिकची पिशवी.

चमकी मात्र आणू नका. मुलं मागतील, तरी नको. ती कार्डावरून झडते, ग्रंथपालांच्या टेबलावर सांडते आणि पुस्तकांच्या पानांत जाऊन बसते. काही चिकटवायचं झालं तर पिठाची खळही नको. खळीला कसर लागते, आणि कसरीला पुस्तकांच्या कपाटापर्यंत जायला वेळ लागत नाही. डिंक नाहीतर फेव्हिकॉल वापरा, तेही अगदी थोडं.

कृती

१. बसायच्या जागेवर रद्दीचे दोन थर अंथरा. एकच थर घातला तर हळद खाली झिरपते आणि फरशीवर पिवळा डाग राहतो.

२. मुलांना जुने कपडे घालायला लावा. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळद उडाली तर डाग निघता निघत नाही.

३. आता खडूची पेटी बाजूला ठेवा आणि मुलाला विचारा, ‘वाचनालयात गेलास तेव्हा काकांनी तुझ्यासाठी काय केलं?’ काका, मावशी, सर, मॅडम, तुमच्याकडे मुलं जे म्हणत असतील ते म्हणा. हा प्रश्न घाईत उरकू नका, सगळं कार्ड त्याच्यावर उभं आहे. ‘ते किती चांगले आहेत ना?’ असं विचारलंत तर मूल ‘हो’ म्हणेल आणि विषय संपेल. काय केलं, कुठलं पुस्तक दिलं, ते कुठल्या कप्प्यात होतं, पाऊस होता का, असं बारीक बारीक विचारत जा. मग खरं निघतं. वरच्या फळीवरचं पुस्तक स्टुलावर चढून काढून दिलं. ‘किशोर’ मासिकाचा नवा अंक आल्यावर बाजूला काढून ठेवला. पान फाटलं होतं, ते न रागावता चिकटवून दिलं. लहान गावच्या वाचनालयात कुलूप उघडण्यापासून पेपर लावण्यापर्यंत बहुतेक वेळा सगळं एकच माणूस करतो. मुलांनी ते पाहिलेलं असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

मूल गप्प राहिलं तर त्याच्या तोंडात उत्तर घालू नका. ‘तिथं बसायला काय आहे? भिंतीवर काय आहे?’ इथून सुरुवात करा. जागा डोळ्यांसमोर आली की माणूसही येतो. वाचनालयात कधी गेलंच नसेल तर आज कार्ड राहू द्या. आधी त्याला तिथं घेऊन जा, एक पुस्तक घेऊन या, आणि मग या पायरीपासून सुरू करा.

४. मुलानं सांगितलेलं वाक्य कच्च्या कागदावर जसंच्या तसं लिहून ठेवा. भाषा सुधारू नका. ‘काकानं मला स्टुलावर चढून पुस्तक काढून देलं’ असं ते म्हणालं असेल तर तसंच लिहा. हा कागद शेवटी लागणार आहे, रद्दीत जाऊ देऊ नका.

५. चित्रकलेच्या कागदाची बरोबर मधोमध घडी घाला. आधी कोपऱ्याला कोपरा जुळवा, मगच दाबा.

६. घडीवरून चमच्याची पाठ एकदा दाबून फिरवा. नखानं दाबलं तर कागद चुरगळतो.

७. घडी मुलाच्या डाव्या हाताला ठेवून, वरच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक फुली करा. हे कार्डाचं तोंड. फुली केली नाही तर कार्ड हमखास उलटं रंगवलं जातं आणि उघडल्यावर मजकूर डोक्यावर उभा राहतो.

८. तोंडाच्या खालच्या अर्ध्या भागात पेन्सिलीनं चित्र काढायला सांगा. चित्र तिसऱ्या पायरीतल्या गोष्टीचंच हवं: स्टूल, कपाट, अंकांचा ढीग, चष्मा लावलेले काका. पाठ्यपुस्तकातलं घर-डोंगर-सूर्य निघायला लागलं तर ‘आणि स्टूल कुठं होतं?’ एवढंच म्हणा. पेन्सिल तुमच्या हातात घेऊ नका, तो मोह आवराच. काकांचे हात पायांपेक्षा लांब झाले तर होऊ द्या, पुस्तक वरच्या फळीवर होतं ना!

अगदी लहान मूल असेल, नुसतं रंगवण्याच्या वयाचं, तर कच्च्या कागदावर तुम्ही पुस्तकांच्या कपाटाची ठळक बाह्यरेषा काढा. तो कागद खिडकीच्या काचेला लावा, वर कार्ड धरा, आणि उजेडात दिसणारी रेघ पेन्सिलीनं गिरवून घ्या. आकार मोठे ठेवा. बारीक चौकटी भरताना लहान बोटं दमतात आणि मूल उठून जातं.

९. चित्र रंगीत मेणखडूंनी रंगवून घ्या. खडू दाबून, कागदाचा पांढरेपणा झाकेल असा फिरवायला सांगा. हलका फिरवला तर हळद आत शिरते आणि निळा सदरा हिरवट दिसतो. स्केचपेन इथं अजिबात नको, ओलं झालं की त्याची शाई पसरते.

१०. वरच्या रिकाम्या अर्ध्या भागात, शब्द जिथं सुरू होईल आणि जिथं संपेल तिथं पेन्सिलीची दोन टिंबं द्या. टिंबं नसली तर मूल मोठ्या अक्षरात सुरू करतं आणि शेवटची दोन अक्षरं कडेला कोंबतं.

११. आता पांढऱ्या मेणखडूनं ‘धन्यवाद काका’ किंवा मुलाला हवे ते दोन शब्द लिहायला सांगा. अक्षरं दोन बोटं उंच, रेघ जाड, आणि प्रत्येक रेघ दोनदा गिरवलेली हवी. लिहिताना काही दिसत नाही, म्हणून मुलं मध्येच थांबतात. ती थांबली की कागद तिरपा करून खिडकीकडे धरा, मेणाची चकाकी दिसते. ‘ध’ आणि ‘घ’ यांत गोंधळ होत असेल तर आधी कच्च्या कागदावर एकदा लिहून घ्या. मेण खोडरबरानं निघत नाही.

१२. कागदावरचा खडूचा भुगा फुंकरीनं उडवा. हातानं पुसलात तर रंग फासला जातो.

१३. वाटीत १ चमचा हळद आणि ४ चमचे कोमट पाणी ढवळा. पाणी उकळतं नको, मुलं वाटीत बोट घालणारच.

१४. ते कापडातून दुसऱ्या वाटीत गाळा. गाळलं नाही तर कार्डावर हळदीचे कण बसतात आणि वाळल्यावर खरखरतात.

१५. गाळलेल्या पाण्यात डिंकाचे ४-५ थेंब घालून पुन्हा ढवळा. डिंकामुळे वाळलेली हळद हाताला लागत नाही. थेंब जास्त झाले तर कार्ड चिकट राहतं.

१६. कच्च्या कागदावर एक फटकारा मारून पाहा. फिकट वाटला तर आणखी अर्धा चमचा हळद घालून पुन्हा गाळा, फार गडद वाटला तर पाणी घाला. आपल्याला उन्हासारखा मोकळा पिवळा रंग हवा आहे.

१७. कार्डाची घडी उघडा आणि कागद पूर्ण पसरून ठेवा, तोंडाची बाजू वर. घडी घातलेल्या कार्डावर पाणी फिरवलं तर ते कडेनं आत जातं आणि आतली पानं एकमेकांना चिकटतात.

१८. ब्रश हळदीत बुडवून वाटीच्या कडेला निथळा. टपटपता ब्रश म्हणजे डबकं.

१९. मुलाला तो ब्रश डावीकडून उजवीकडे, एकाच दिशेनं, तोंडाच्या पूर्ण भागावर फिरवू द्या. आता मागं सरका आणि बघा. मेणावर पाणी थांबत नाही, त्यामुळे पांढरी अक्षरं पिवळ्यातून वर येतात. बहुतेक मुलं इथं ओरडतात. ओरडू द्या! फक्त त्याच जागी पुन्हा पुन्हा ब्रश घासू देऊ नका, ओल्या कागदाचे पापुद्रे निघतात. मेणावर हळदीचे थेंब साचले असतील तर कोरड्या कापसाच्या टोकानं टिपून घ्या.

अक्षरं नीट उमटली नाहीत तर घाबरू नका. खडू हलका पडला होता, एवढंच. कार्ड पुढं पूर्ण वाळू द्या आणि त्याच अक्षरांवरून लाल किंवा निळा मेणखडू फिरवा. तेही छान दिसतं.

२०. कार्ड ओलसर असतानाच, अर्धा चमचा पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा कालवा. चुना वापरू नका. त्यानं रंग लालभडक होतो हे खरं, पण चुना मुलांच्या डोळ्यांत गेला तर फार वाईट.

२१. कापसाच्या टोकानं तोंडाच्या चारी कडांना सोड्याच्या पाण्याचे ठिपके द्यायला सांगा. पिवळ्यावर तांबूस-केशरी ठिपके उमटतील. हळदीचा डाग साबणानं धुताना लाल होतो ना, तसंच हे. ठिपके मोजके बरे. सगळीकडे सोडा लागला तर कार्ड तपकिरी पडतं. सोडा लागलेला हात डोळ्यांना लागायच्या आत धुवून घ्या.

२२. कार्ड घरात, सावलीत, सपाट जागी वाळत ठेवा. चार कोपऱ्यांवर चार वाट्या किंवा खडे ठेवा म्हणजे कागद वळणार नाही. उन्हात ठेवायचा मोह होईल, पण हळदीचा रंग उन्हात उडतो. दमट दिवस असेल तर रात्रभर राहू द्या. मूल ‘वाळलं का?’ म्हणून दर दहा मिनिटांनी बोट लावेल, तेव्हा कार्ड त्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

आजचं काम इथं थांबवा. उरलेला हळदीचा रंग टाकून द्या, ठेवलात तर त्याला वास येतो.

२३. दुसऱ्या दिवशी कार्डाला हाताची पाठ लावून पाहा. गार लागलं तर अजून ओल आहे, थांबा.

२४. कोरडं झालेलं कार्ड घडी घालून, वर-खाली कोरा कागद ठेवून पाटाखाली तासभर दाबा. वजनासाठी वाचनालयाची पुस्तकं वापरू नका. थोडी ओल राहिली असेल तर ती पुस्तकाला लागते आणि पानांवर बुरशी धरते.

२५. भेंडी देठापासून दोन बोटं अंतरावर आडवी कापा. हे काम तुम्हीच करा. जाडसर भेंडी घेतलीत म्हणून ठसा टिकेल. कोवळी भेंडी दाबली की चेपते.

२६. कापलेला भाग कापडावर दाबून चीक टिपून घ्या. चीक राहिला तर रंग घसरतो आणि फुलाचा नुसता गोळा उमटतो.

२७. पोस्टर कलर ब्रशनं भेंडीच्या कापावर पातळ लावा. भेंडी थेट रंगात बुडवू नका, मधली भोकं बुजतात.

२८. पहिला ठसा कच्च्या कागदावर मारून पाहा. पाच पाकळ्या स्पष्ट दिसल्या की पुढं चला.

२९. कार्डाच्या पाठच्या पांढऱ्या बाजूवर ठसे मारायला सांगा: भेंडी सरळ टेकवायची, हलकं दाबायचं, सरळ वर उचलायची. फिरवली की फूल फासलं. तीन-चार फुलं पुरे. वीसही होतील, मुलांचा हात थांबत नाही. झाली तर असू द्या.

३०. ठसे अर्धा तास वाळू द्या.

३१. कच्च्या कागदावरचं मुलाचं वाक्य समोर ठेवा आणि कार्डाच्या आत, उजव्या पानावर, बॉलपेननं त्याला स्वतः लिहू द्या. ‘आपण आमच्यासाठी अमूल्य ज्ञानाचे भांडार खुले केलेत’ असलं काही फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून उतरवून घेऊ नका, ही कळकळीची विनंती. तीस कार्डांवर तेच वाक्य असेल तर काका दुसरं कार्ड उघडणारही नाहीत. ‘तुम्ही स्टुलावर चढून पुस्तक काढून दिलं. मी ते दोनदा वाचलं.’ हे त्यांना घरी नेऊन दाखवावंसं वाटेल. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकलं, लाल पेन लांब ठेवा. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याचं वाक्य तुम्ही लिहा, आणि खाली त्याला भेंडीचं एक फूल सहीसारखं उमटवू द्या.

३२. डाव्या पानावर, वाचलेल्यातलं आवडलेलं एक चित्र किंवा पात्र मेणखडूनं काढायला सांगा. इथं आता पाणी फिरवायचं नाही.

३३. मजकुराखाली मुलाचं नाव आणि इयत्ता लिहून घ्या. नाव राहिलं तर कार्ड कुणाचं, हे काकांना कळणारच नाही. पाठीवर लिहू नका, फुलांत हरवतं.

३४. एकाच माणसासाठी वर्गभर कार्डं असतील तर ती मोजा आणि गैरहजर मुलांची नावं कागदावर टिपून घ्या. त्यांची कार्डं दोन दिवसांनी गेली तरी चालतील, पण जायला हवीत.

३५. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. वाटेत पावसाचा एक थेंब पडला तरी हळद ओघळते.

३६. वाचनालयात आदल्या दिवशी चौकशी करून वेळ ठरवा. संध्याकाळी पेपर वाचणाऱ्यांची गर्दी असते, त्या वेळी वर्ग घेऊन शिरलात तर ना त्यांना वाचता येईल, ना काकांना कार्ड बघता येईल. शाळेच्या कपाटाचं काम बघणाऱ्या गुरुजींना द्यायचं असेल तर मधल्या सुट्टीनंतरची पाच मिनिटं मागून घ्या.

३७. आत जाण्याआधी मुलांना हात धुऊन पुसायला लावा. हळदीची बोटं पुस्तकाला लागली की डाग कायमचा.

३८. कार्ड मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही दोन पावलं मागं थांबा. ‘बोल, बोल, काय सांगायचं ठरलं होतं?’ असं मागून ढकलू नका. मूल काही न बोलता कार्ड पुढं करेल, तरी पुरे. आत सगळं लिहिलेलं आहे.

३९. कार्ड भिंतीवर लावायचं की खणात ठेवायचं की घरी न्यायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. आपण होऊन कपाटाला चिकटपट्टी लावू नका, निघताना ती रंग उपटून काढते. त्यांनी विचारलंच तर एवढं सांगा की उन्हाच्या खिडकीसमोर लावू नका, हळद फिकी पडेल.

४०. परत करायचं पुस्तक घरून सोबत आणलेलं असेलच, ते मुलाला टेबलावर ठेवायला सांगा, आणि वहीत नोंद होईपर्यंत त्याला पुढचं पुस्तक निवडू द्या. कपाटापाशी घाई करू नका, दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवूनच निघालेले बरे.